वैऱ्याने लावलेले झाड

बातमी आली तेव्हा मी त्यांच्याच झाडाला शिडी लावून चढलो होतो आणि माझ्या हातात कोयता होता. चैत्र सरत आला होता. आमच्या कर्जत भागात या दिवसांत भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा आणि झाडांचे टहाळे जमिनीवर पसरून पेटवतात आणि पुढे त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरतात. राबाला टहाळा हवा, या सबबीखाली बांधावरचे ते झाड मी दरवर्षी माझ्या बाजूने छाटत असे. सबब म्हणतो, कारण हेतू वेगळा होता आणि तो साऱ्या वस्तीला ठाऊक होता. खालून शेजारचा मारुती म्हणाला, "मास्तर, उतरा खाली. जनादादा गेलं." मी लगेच उतरलो नाही. आधी बांधापलीकडे पाहिले. ही बातमी ऐकून जनादादा काय बोलतात ते ऐकायला माझे कान आपोआप तिकडे गेले होते... इतकी वर्षे माझ्या आयुष्यात घडलेल्या प्रत्येक गोष्टीवरचा पहिला शेरा त्यांचाच असे.

जनार्दन हे माझे भावकीतले, मला दहा-बारा वर्षांनी वडील. पळसदरीच्या पुढच्या आमच्या वस्तीत त्यांचे शेत आणि माझे शेत एकमेकांना लागून, मध्ये एक बांध. मी कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि सकाळ-संध्याकाळ शेती करतो. आमच्यात वैर होते. 'मतभेद', 'दुरावा' असे सौम्य शब्द मृताविषयी लिहिताना वापरण्याची रीत आहे. मी ते वापरणार नाही, कारण त्यात आम्हा दोघांचाही अपमान होईल. या लेखात मी त्यांच्याविषयी 'ते' म्हणतो आहे. जिवंतपणी मी मनातल्या मनात त्यांना कधीही अहोजाहो केले नाही. मृत्यूनंतर एवढे मात्र त्यांनी माझ्याकडून वसूल केले. आणि वाचकांना एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: त्यांनी माझ्यावर सूड म्हणून लावलेले ते झाड ठेवायचे की पाडायचे, हे आता माझ्या एका होकारावर येऊन थांबले आहे. लेखाला बसलो आहे तो त्यामुळेच.

जनादादा तरुणपणी मुंबईच्या एका लाकडाच्या वखारीत कामाला होते. वखारवाल्याची युगांडात लाकूड कापण्याची गिरणी होती. त्याने यांना आगबोटीत बसवून तिकडे धाडले. तिकडे यांचे काम रानात सर्वांच्या पुढे चालण्याचे होते. तोडायचे झाड निवडायचे, त्याची थोडी साल सोलायची आणि उघड्या लाकडावर शिक्क्याचा हातोडा मारायचा. तोडणारे मागून येत. काही वर्षांनी, पन्नासच्या दशकाच्या मध्यावर, वडील वारले म्हणून ते परत आले आणि आल्या आल्या त्यांना दिसले की मधला बांध जागेवर नाही. तो माझ्या वडिलांनी सरकवला होता. हे वाक्य मी आज लिहितो आहे. वडील हयात असताना आमच्या घरात ते उच्चारण्याची कोणाची छाती नव्हती. नांगरताना आपल्या अंगाची माती दर साली थोडी खरवडायची आणि शेजाऱ्याच्या अंगाला थोडी भर घालायची. बांध चालू लागतो आणि चालताना तो कोणाला दिसत नाही. जनादादांचा बाप अंथरुणाला खिळलेला, मुलगा समुद्रापलीकडे... तेवढ्या वर्षांत आमचा बांध बराच चालला होता.

त्यांनी आरडाओरडा केला नाही, कचेरीची पायरी चढले नाहीत. येताना त्यांनी कापडात बांधून दोन झाडांचे बी आणले होते. ही झाडे एकमेकांची सख्खी. वनस्पतिशास्त्रात दोघांचे आडनाव 'खाया', आणि लाकडाच्या बाजारात दोघांनाही आफ्रिकन महोगनी म्हणतात. जनादादा एकीला 'माळावरची' म्हणत आणि दुसरीला 'रानातली'. माळावरची म्हणजे खाया सेनेगॅलेन्सिस: कोरड्या मुलखात, नदीच्या कडेने वाढणारी, खालूनच फांद्या फुटून ऐसपैस पसरणारी, तिची साल काळपट, खवल्याखवल्यांची, लाकूड जड आणि गडद तांबडे. रानातली म्हणजे खाया अँथोथेका: दाट पावसाच्या जंगलात सरळ वर जाणारी, पहिली फांदी माणसाच्या नजरेच्या पार वर, साल फिकट, गोल खवले गळून पडले की मागे पिवळसर खळगे राहणारे, लाकूड हलके, गुलाबी, करवतीला गोड. साहेबाच्या देशातल्या कपाटांसाठी हिला फार मागणी. बेत साधा होता, आणि तो त्यांनी वस्तीत लपवलाही नाही. रानातली आपल्या अंगणात लावायची, ती मुलाची ठेव. माळावरची लावायची बांधावर. माझे शेत बांधाच्या उत्तरेला. भाताच्या लोंब्या निसवून दाणा भरायच्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावली नेमकी आमच्या अंगावर येते. सावलीतले भात उंच वाढते, हिरवेगार दिसते आणि पोचट राहते. कोर्टाचा निकाल एकदा लागतो. हा निकाल दर आश्विनात लागणार होता. रोप बांधाच्या मधोमध ठोकल्यावर माझ्या वडिलांच्या कानांवर जाईल अशा बेताने ते आपल्या बैलाला म्हणाले, "पवळ्या, खुंटी मारली बग. आता सरकवा म्हनावं बांध."

बैलाला म्हणाले, कारण त्या दिवसापासून दोन्ही घरांचा अबोला सुरू झाला आणि आमच्याकडे अबोल्याची एक रीत आहे. ज्याच्याशी बोलायचे नाही त्याला सुनवायचे असेल तर बैलाशी बोलतात. वडिलांच्या मागे हा वारसा माझ्याकडे आला. आमच्या जोडीतला एक बैल नेहमी ढवळ्या. म्हातारा होऊन गेला की त्याच्या जागी आलेल्याचे नाव तेच, आणि त्यांच्याकडे पवळ्याचे तसेच. या संभाषणाला एक शिस्त होती. एकाने बोलायचे आणि नांगर पुढे घेऊन जायचे. उत्तर एका फेऱ्यानंतर, दोन्ही नांगर पुन्हा बांधाशी आले की मिळायचे. त्यामुळे विचाराला वेळ मिळे आणि घाव नीट बसे. मी म्हणायचो, "ढवळ्या, सरळ चाल रं. आफ्रिकेला जाऊन आल्यावानी मान वर करू नको." फेरा पुरा व्हायचा आणि पलीकडून यायचे, "पवळ्या, मास्तर शिकवतोय, जागा ऱ्हा. वर्गात पोरं झोपत्यात, आपुन तरी आयकू." मी घरी जाऊन त्या उत्तराचे उत्तर रचत बसे. पत्नी म्हणे, "परीक्षेचे पेपर तपासायचे राहिलेत, आणि तुम्ही बैलाचा धडा काढताय." ती हसत असे. मी हसत नसे.

वडील गेले ते हे एकच वाक्य मागे ठेवून, की त्या झाडाला सोडू नको. मी सोडले नाही. मुळावर घाव घालणे माझ्याच्याने झाले नसते. बांधावरचे झाड दोघांचे असते, एकट्याने पाडले तर भावकी उभी राहते. पण माझ्या अंगावर आलेली फांदी छाटण्याचा हक्क माझा होता, आणि तो मी व्रतासारखा पाळला. फुटलेला प्रत्येक धुमारा कोवळा असतानाच उतरवायचा. फांदीच नको, म्हणजे सावलीही नको. बारीक टहाळा राबाला, जाड फांद्या घरामागे सरपणाच्या रचनेत. जनादादा पलीकडे उभे राहून बघत. मी शिडीवर घामाघूम झालेलो असलो की बैलाला सांगत, "पवळ्या, फुकटचा माळी भेटलाय रं आपल्याला. च्या पन मागत नाय." मला वाटे, हरलेल्या माणसाचे बोलणे आहे हे. झाड आपले वर, आणखी वर, सोट्यासारखे सरळ जात राहिले.

लावल्यानंतर वीसएक वर्षांनी दोन्ही झाडांना फळे आली. खायाचे फळ लाकडी चेंडूसारखे असते. उन्हाळ्यात ते झाडावरच तडकते, पाकळ्या उघडून लाकडाचे फूल होते आणि आतून चपट्या, पंखांच्या बिया भिरभिरत खाली येतात. बांधावरचे एक फळ मी उचलून शाळेत नेले. मित्राच्या कॉलेजातून वृक्षांवरचे एक जाड पुस्तक मागवले होते. माळावरच्या जातीच्या फळाला पाकळ्या चार, रानातलीच्या फळाला बहुधा पाच. माझ्या हातातल्या फळाला पाच होत्या. मी पुन्हा मोजल्या. संध्याकाळी जनादादांच्या घरावरून येताना वाटेत पडलेले दुसरे फळ उचलले. चार... मी वाटेतच बसलो. ज्या झाडाने माझे शेत झाकायचे होते ते त्यांच्या कौलांवर पसरून बसले होते, आणि जी मुलाची ठेव व्हायची होती ती बांधावर उभी होती, निम्मी माझ्या मालकीची! मागाहून कळले ते असे, की रोपे डब्यांत असताना त्यांच्या पत्नी काशीवहिनींनी कोंबड्यांपासून वाचवायला डबे पडवीत नेले आणि ठेवताना डावे-उजवे बदलले. जनादादांना ते ओळखता आले नाही. ते मोठ्या झाडांचे जाणकार. त्यांनी रोप कधी पाहिलेच नव्हते. त्यांच्या कामात रोपाकडे कोण पाहणार?

त्या आषाढात लावणीआधीच्या चिखलणीची मी जितक्या आतुरतेने वाट पाहिली, तितकी दुसऱ्या कशाचीच पाहिली नसेल. नांगर बांधाशी आला, मी थांबलो आणि पूर्ण आवाजात म्हणालो, "ढवळ्या, पाच पाकळ्या हायत रं! मोजून घे. रानातली बांधावर, आनी माळावरची दादाच्या डोक्यावर!" आणि पुढे निघालो. तो फेरा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा फेरा होता, हे कबूल करायला मला लाज वाटते. पण तो होता. परत आलो तर ते जुवावर हात ठेवून हसत होते. "पवळ्या," ते म्हणाले, "मास्तरला सांग, आमाला कवाच कळलंय. साल बगून कळलं. त्याला मातर बुक लागलं."

मग माझ्याकडून रीत मोडली. मी बैलाकडे न पाहता त्यांच्याकडे पाहून विचारले, "मंग तोडलं का नाय?"

"तोंडावर इचारतोस?"

"इचारतो."

ते खोडाकडे वळले. "ही जात मी तिकडं छापून छापून पाडली रं. हातोडा मारायचा नि फुडं जायचं. मागं वळून कदी बगितलं नाय... हितं एक उभी राहिली, ती पन चुकून. तिला बी मीच छापू?" एवढे बोलून त्यांनी घसा खाकरला, बैलाला हाक दिली आणि पाठ फिरवता फिरवता म्हणाले, "आनी तोडली आसती तर तुला ऊन नसतं का भेटलं?"

दोन्ही कारणे खरी होती. छाटून छाटून मी तिची सावली उंच नेली होती, तरी आश्विनात दुपारची एक पट्टी माझ्या भातावर पडतच असे आणि तेवढ्या पट्टीत दाणा भरत नसे. आज वाटते, तेवढ्या पट्टीपुरतेच आम्ही एकमेकांचे होतो.

त्यानंतरही आम्ही बोलू लागलो असे नाही. पण बैलांच्या कानांवर आता कधी कधी वेगळे काही पडू लागले. तिकडच्या रानांची हकीकत ते एकेका फेऱ्याने सांगत. त्यातून आणि मी पुढे जे वाचले त्यातून मला कळले ते असे, की दोन्ही जाती अजून नाहीशा झालेल्या नाहीत, कुठे कुठे मुद्दाम लावल्याही जातात. पण आपापल्या मूळ मुलखात दोघींचीही थोराड झाडे विरळ होत चालली आहेत आणि जाणकारांना दोघींचीही काळजी वाटू लागली आहे. संपण्याची रीत मात्र निराळी. रानातली परक्याच्या कुऱ्हाडीने जाते. उंच, सरळ, भरपूर बी धरणारी झाडे आधी जातात. वाकडी आणि रोगट मागे उरतात, आणि त्यांच्या बियांतून उगवलेल्या रोपाचा शेंडा अळी पोखरते. माळावरची शेजाऱ्यांच्या हातांनी जाते. तिला मारायला कोणीच येत नाही. दुष्काळात गुरांना पाला हवा म्हणून कोणी फांदी नेतो, घरात ताप आहे म्हणून कोणी साल नेतो. प्रत्येक जण थोडेसेच नेतो, आणि ती उभ्याउभ्या वाळते. "दोनीतली आधी कुठची संपंल, मास्तर?" त्यांनी एकदा रीत विसरून विचारले होते. मी पुस्तक आठवून म्हणालो, रानातली. त्यांनी मान हलवली. "माळावरची. कुऱ्हाडीचा आवाज तरी येतो." मी, बांध खरवडणाऱ्याचा मुलगा, नांगराची मूठ धरून ते ऐकत होतो. ते माझ्यासाठी बोलले की नुसतेच झाडांविषयी बोलले, हे मला कधीच ठरवता आले नाही.

शेवटची भेट माघात झाली. ते अंथरुणाला लागल्याचे कळले म्हणून पहिल्यांदाच त्यांच्या घराची पायरी चढलो. भर दुपारी आत कंदील लावलेला होता. बाहेर माळावरची अशी काही पसरली होती, की कौलांवर उन्हाचा कवडसाही पडत नव्हता. तिच्या मुळांनी ओटीची फरशी उचलली होती. काशीवहिनी म्हणाल्या, "बगा भावजी, दिवसाढवळ्या बत्ती. सवत आनून बशीवली दारात, नि वर मलाच म्हनं, डबे तू हलवलंस." आतून खाटेवरून आवाज आला, "कोन, मास्तर? मेला का ते बगायला आलास?"

"होय."

"आजून टाइम हाय. बस." मी बसलो. त्यांना धाप लागत होती. मग त्यांनी डोळे न उघडता विचारले, "मी गेल्यावर तोडशील?"

"पहिल्या दिवशी," मी म्हणालो.

"आसं?" ते हसले, खोकले, पुन्हा हसले. "मंग दमानं जातो." आणि डॉक्टरांनी आठवड्याची भाषा केलेली असताना ते चैत्र संपेपर्यंत दमानेच गेले. ते दिवस त्यांनी माझ्या शब्दावर काढले, असे मी समजतो.

आमच्या वस्तीत चितेसाठी प्रत्येक घराने लाकूड द्यायची रीत आहे. कोयता ठेवून मी घरामागे गेलो आणि सरपणाच्या रचनेपुढे उभा राहिलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की माझ्याकडे दुसरे लाकूडच नाही. जे रचले होते ते सगळे बांधावरचे, माझ्या सुडाने वर्षानुवर्षे छाटलेले. तेच खांद्यावर घेतले. काशीवहिनींनी ओझे उतरताना पाहिले आणि रडता रडता म्हणाल्या, "त्यांचंच त्यांना पोचलं." मग सुतक आले. भावकीचे असल्यामुळे ते मलाही होते, आणि सुतकात आमच्याकडे झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत. 'पहिल्या दिवशी' म्हणालेल्या माणसाला जाता जाता त्यांनी दहा दिवस बांधून ठेवले. दहाव्याला नदीवर मी वैऱ्यासाठी मिशी उतरवली. आरशात पाहिले तर वडिलांचा चेहरा दिसला, आणि तो माझ्यावर रागावलेला होता.

तेरावा झाल्यावर त्यांचा मुलगा अशोक, जो रसायनीच्या कारखान्यात नोकरी करतो, शिळफाट्याच्या एका लाकूड व्यापाऱ्याला घेऊन बांधावर आला. अशोक सभ्य मुलगा आहे. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. "काका, बाबांनी तुम्हाला फार त्रास दिला," तो म्हणाला. "आता तुम्ही पण मोकळे व्हा. तुमचं-आमचं दोघांचं झाड, फक्त हो म्हणा. घरावरचं पण काढतोय, म्हणजे जागेला गिऱ्हाईक येईल." व्यापाऱ्याने खोडावर थाप मारली, टाचा उंचावून वर पाहिले आणि त्याच्या तोंडून निघून गेले, "काय खोड हाय हो! एक गाठ नाय. कोनी राखलं येवढं?" अशोक म्हणाला, "काकाच छाटायचे दरवर्षी." व्यापारी माझ्याकडे आदराने वळला. "हात हाय काका तुमाला." फुकटचा माळी... इतक्या वर्षांनी, आणि तेही परक्याच्या तोंडून, मला ते वाक्य कळले. मी कापलेल्या प्रत्येक फांदीने झाड सरळ झाले होते. त्यांना ते ठाऊक होते. ते पलीकडे उभे राहून माझ्याकडून आपले झाड वाढवून घेत होते.

मी नाही म्हणालो. अशोकला वाटले, मी हिश्शासाठी अडतो आहे. त्याला सांगितले, "ज्यानं लावलं त्याच्याशी माझं वैर होतं. तुझ्याशी माझं धड भांडणसुद्धा नाही. तू मधे पडू नको." तो घराकडे गेला, तर तिथे आई दारात बसलेली. जन्मभर त्या झाडाला सवत म्हणणारी ती बाई म्हणाली, "राहू दे. आता उजेड घिऊन काय बगू मी?" व्यापारी रिकाम्या हातांनी शिळफाट्याला परतला. अशोक अजून निरोप पाठवतो, आणि वाट पाहून माणूस नरमतो या भरवशावर आहे. त्याला माझे उत्तर हेच: मी जिवंत असेपर्यंत होकार मिळणार नाही.

हे वाचून कोणी याला क्षमा म्हणू नये. मी त्यांना क्षमा केलेली नाही, आणि त्यांनी मागितलीही नव्हती. मी सूडच घेतला आहे, आणि तो आजवरचा सर्वांत मोठा आहे. कंदिलाच्या उजेडात त्यांनी विचारले तेव्हा 'नाही तोडणार' हे दोन शब्द माझ्या ओठांवर होते. मी ते गिळले आणि दुसरे दोन शब्द दिले. हातोड्याने छापून ज्यांनी जंगल पाडले, त्यांचे चुकून उभे राहिलेले एकुलते एक झाड आपल्या मागे पडणार, हे मनात घेऊन ते गेले. झाड उभे आहे आणि त्यांना ते कधीही कळणार नाही. वडिलांना हवा होता त्याहून हा घाव खोल आहे... इतका मनासारखा सूड हाती आल्यावर माणसाचे समाधान व्हायला हवे होते. मला मात्र सारखे असे वाटत राहते, की फेरा अजून माझाच चालू आहे.

काल चिखलणीला उतरलो. पलीकडचे शेत यंदा पडीक आहे, गवत माजले आहे. बांधाशी आलो तेव्हा आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतले आणि मोठ्याने म्हणालो, "ढवळ्या, सांग रं त्याला. तोडलं नाय म्हनावं." आणि शिस्तीप्रमाणे नांगर पुढे नेला. फेरा पुरा करून परत त्या टोकाला आलो. मला थांबायचे नव्हते. पण बांधाजवळ, आश्विनात झाडाच्या सावलीची पट्टी पडते तिथे, ढवळ्या आपणहून थांबला, आणि कान पलीकडे वळवून उभा राहिला.